तीन मेंबर, पाव एजंट आणि एक नवा कायदा

ओढ्याकाठी

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या टाऊनमध्ये राहतो. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते आमच्या टाऊनला फारसं भूषणावह नाही. पोटापाण्याला सॉफ्टवेअर. तीन वर्षांपूर्वी इथल्या बोर्ड ऑफ हेल्थच्या एका जागेसाठी कोणी उभंच राहिलं नाही. शेजारच्या दोन-चार घरांनी मतपत्रिकेवर गंमत म्हणून माझं नाव लिहिलं आणि मी निवडून आलो. आरोग्यातलं शिक्षण शून्य. टाऊनच्या बोर्डावर यायला ते लागतही नाही.

तीन मेंबर, महिन्यातून दोन मीटिंगा, टाऊन हॉलच्या तळघरात. पगारी माणूस एकच, हेल्थ एजंट. तोही आमचा एकट्याचा नाही. चार टाऊन मिळून एक. आमच्या वाट्याला आठवड्यातले अकरा तास. त्यात घरांच्या सेप्टिक टाक्यांचे नकाशे तपासणं, हॉटेलांची किचनं, उन्हाळी कँपमधल्या मुलांच्या लसींच्या नोंदी, पोहण्याच्या तलावाचं पाणी, भाड्याच्या घरांच्या तक्रारी, आणि संसर्गजन्य आजाराची केस आली तर तिचा पाठपुरावा, हे सगळं.

जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारी दुपारी एका भाडेकरू बाईचा निरोप आला, घरात हीटिंग बंद आहे. घरमालक फोन उचलत नव्हता. राज्याच्या सॅनिटरी कोडप्रमाणे घरात दिवसा किमान ६८ अंश फॅरनहाइट हवं, रात्री ६४. अशा तक्रारीची तपासणी चोवीस तासांत व्हायला हवी, हेही नियमातच आहे. पण आमचा एजंट मंगळवार आणि गुरुवारचा. निरोप व्हॉइसमेलवर पडून राहिला आणि मंगळवारी सकाळी ऐकला गेला. तो थर्मामीटर घेऊन गेला तेव्हा स्वयंपाकघरात ५१ होतं. बाई ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर खुर्ची मांडून बसली होती.

पुढच्या मीटिंगमध्ये हे मिनिट्समध्ये लिहायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. नियम बॉस्टनला जो, तोच आम्हाला. बॉस्टनमध्ये हाच फोन गेला असता तर उचलायला माणूस होता.

हे सांगायचं निमित्त म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर मोरा हिली यांनी सही केलेला कायदा. अर्थव्यवस्थेच्या एका भल्यामोठ्या विधेयकाच्या पोटात तो घातलेला होता, त्यामुळे फार कोणाच्या लक्षात आला नाही. इकडे त्याला 'सॅफी टू पॉइंट ओ' म्हणतात. थोडक्यात तीन गोष्टी. प्रत्येक बोर्ड ऑफ हेल्थने किमान कोणती कामं करायचीच, याचा दर्जा राज्य ठरवणार. काम करणाऱ्यांना ठरावीक प्रशिक्षण आणि पात्रता हवी. आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने माहिती गोळा करून राज्याला द्यायची. टाऊनांनी एकत्र येऊन माणसं वाटून घ्यावीत, यासाठी मदतही आहे.

मला हा कायदा हवा होता आणि आला याचा आनंद आहे. पण वाचताना एका शब्दप्रयोगाशी अडखळलो, तो पुढे कोणीतरी काढेलच. इथल्या लोकांना काय वाटतं?

---

मुक्काम_पोस्ट

एक बाळबोध शंका. मॅसॅच्युसेट्समध्ये तर २००६ पासून सगळ्यांना विमा आहे ना? ओबामांच्या कायद्याचा नमुनाच तुमच्या राज्यातून गेला. मग आरोग्यसेवा असमान कशी?

---

ओढ्याकाठी

बाळबोध नाही, आमच्या टाऊन मीटिंगलाही (गावच्या मतदारांची सभा) दर वर्षी कोणीतरी हेच विचारतं. विमा नसलेले लोक या राज्यात देशात सगळ्यात कमी, हे खरं. पण विमा तुम्ही आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जाण्यासाठी. मी म्हणतोय ते आजारी पडू नये म्हणून चालणारं काम. विहिरीत सेप्टिकचं पाणी झिरपतंय का, हे बघायला विमा कंपनी येत नाही. त्या बाईकडेही विमा होता हो. कार्ड होतं, हीटिंग नव्हतं.

---

आकडेमोडे

हे असं का झालं ते थोडं इतिहासात जाऊन.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत सार्वजनिक आरोग्याचं काम काउंटी करते. म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी. मॅसॅच्युसेट्समध्ये ते टाऊनपाशी आहे. ३५१ शहरं आणि टाऊन, आणि प्रत्येकाचं आपापलं बोर्ड. बॉस्टनचं बोर्ड १७९९ मधलं, त्याचा पहिला प्रमुख पॉल रिव्हिअर. हो, तोच, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सैन्य येतंय असा इशारा देत रात्री घोड्यावरून गेलेला. १८५० मध्ये लेम्युएल शॅटकने राज्याच्या आरोग्यावर जो अहवाल लिहिला, तो आजही सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात शिकवतात. १८६९ मध्ये राज्याचं आरोग्य मंडळ आलं. म्हणजे ज्या राज्यात या विचाराचा पाया घातला गेला, तिथेच काम सगळ्यात जास्त तुकड्यांत वाटलेलं राहिलं.

१९९७ पासून पुढच्या काही वर्षांत इथली बरीचशी काउंटी सरकारंच मोडीत काढली. त्यामुळे टाऊन आणि राज्य यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी काही उरलंच नाही. केप कॉडला बार्न्स्टेबल काउंटीचं आरोग्य खातं आहे, तो अपवाद.

आता तुकडे किती विषम ते बघा. २०२० च्या जनगणनेत बॉस्टन ६,७५,६४७. गॉसनोल्ड, जे समुद्रातल्या बेटांचं टाऊन आहे, ७०. सत्तर. शून्यं गाळलेली नाहीत. कायद्याच्या नजरेत दोघांची मूळ जबाबदारी एकच.

---

खडूस_काका

आकडेमोडे, इतिहास छान. पण ओढ्याकाठी ज्या शब्दाशी अडखळले तो मी काढतो. 'सब्जेक्ट टू अॅप्रोप्रिएशन'. अर्थसंकल्पात तरतूद झाली तर. झाली तर!

मी पूर्वेकडच्या एका टाऊनच्या फायनान्स कमिटीवर नऊ वर्षं काढली. १९८० मध्ये लोकांनी मतदान करून 'प्रपोझिशन टू अँड अ हाफ' आणलं. टाऊनची प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, नवीन बांधकामाचं वेगळं. त्याहून जास्त हवं तर ओव्हरराइडसाठी गावाचं मत घ्या. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा खर्च एकटाच अडीच टक्क्यांहून जास्त वाढतो. मग शाळा, मग पोलिस, मग फायर, मग रस्त्यावरचा बर्फ. बोर्ड ऑफ हेल्थची पाळी येईपर्यंत पातेल्यात खरवड उरते.

आता राज्य म्हणणार, दर्जा आम्ही ठरवतो. ठरवा. पैसा? तरतूद झाली तर. मंदी आली की सगळ्यात आधी कोणती तरतूद जाते ते मी पाहिलंय. दर्जा कागदावर राहील आणि जाब द्यायला तळघरातले तुमच्यासारखे तीन बिनपगारी लोक.

आणि अजून एक. आमचं गाव आमचं आम्ही बघू, ही इथली जुनी खोड आहे, पण तिला अर्थ आहे. राज्याच्या ऑफिसातल्या माणसाला आमच्या तळ्याचं नावही माहीत नसतं.

---

पांढरी_चप्पल

काका, मी एका दाटीच्या शहरात पब्लिक हेल्थ नर्स आहे. तुमच्या गावाचं तुम्ही बघता, ते ठीक. पण जंतूला गावाची हद्द माहीत नसते.

टीबीचं उदाहरण घ्या. पेशंटने रोज आमच्यासमोर गोळ्या घ्यायच्या, महिनोन् महिने. आता हा माणूस आमच्या शहरात राहतो, कामाला शेजारच्या टाऊनात जातो आणि रविवारी तिसऱ्या टाऊनात चर्चला. संपर्कातले लोक तीन ठिकाणी. आमच्याकडे आम्ही दोन नर्सेस. दुसऱ्या ठिकाणी एक, पण आठवड्याला काही तास, घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थेकडून विकत घेतलेले. तिसऱ्या ठिकाणी फोन लावला तर टाऊन क्लार्क म्हणाली, "बोर्डाच्या चेअरमनला सांगते, ते गवत कापायला गेलेत." मी खोटं सांगत नाही. माणूस सज्जन होता, संध्याकाळी परत फोन केला, सगळी मदत केली. पण त्याला राज्याच्या 'मेव्हन' सिस्टिममध्ये लॉग-इन कसं करायचं इथपासून सुरुवात होती. (संसर्गजन्य आजारांच्या नोंदी तिथे होतात.)

२०२० च्या एप्रिलमध्ये तर विचारू नका. चेल्सी शहर जेमतेम अडीच चौरस मैलांचं, एकेका घरात दोन-तीन कुटुंबं, बहुतेक लोक घरून काम करणं शक्य नसलेले. कोविडचं राज्यातलं सगळ्यात जास्त प्रमाण तिथे होतं. केसेसचा ढीग इतका झाला, की राज्याला पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेला बोलावून फोनवरून संपर्क शोधणाऱ्यांची वेगळी फौज उभी करावी लागली. त्या मुलांनी जीव तोडून काम केलं. पण फोनवरच्या मुलीला कोणत्या बिल्डिंगचा मागचा जिना कुठे जातो आणि कोणती आजी दार उघडत नाही, हे माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, पण आम्ही होतो किती?

म्हणून ज्याला गावाची खडान् खडा माहिती आहे, तो माणूस गावातलाच हवा, इथे मी तुमच्याच बाजूची आहे काका. फक्त तो पगारी, शिकलेला आणि सोमवार ते शुक्रवार भेटणारा हवा.

---

खडूस_काका

गवत कापणारा चेअरमन आमच्याकडेही होता. पुढे तो मीच झालो.

---

डास_आणि_मी

हद्दीवरून आठवलं. २०२४ चा ऑगस्ट. 'ट्रिपल ई', डासांमुळे होणारा मेंदूचा आजार, माणसाला क्वचितच होतो पण झाला तर भयंकर. प्लिमथने संध्याकाळनंतर बागा आणि मैदानं बंद केली. ऑक्सफर्ड आणि आसपासच्या तीन टाऊनांत धोका सर्वांत वरच्या पातळीवर. आमची मुलगी एका गावात सॉकर खेळते, मैदान हद्दीला लागून. एका गावाने संध्याकाळी सहाला खेळ थांबवायला सांगितलं, पलीकडच्याने नुसती 'काळजी घ्या' अशी पाटी लावली. सहा वाजता मुलं आणि पालक पिशव्या उचलून पलीकडच्या मैदानावर गेले. डासही आले असतील सोबत.

---

आकडेमोडे

डास_आणि_मी, हेच सगळं एका चित्रात आलं बघा.

काकांच्या पैशाच्या मुद्द्यावर. पूर्ण खरं नाही आणि पूर्ण खोटंही नाही. क्रम असा: २०१६ मध्ये खास कमिशन नेमलं, त्याचा अहवाल जून २०१९ ला आला. त्यावरून २०२० मध्ये पहिला कायदा, ज्यात टाऊनांनी एकत्र येण्यासाठी अनुदानाची सोय. २०२२ मध्ये दुसरा भाग विधिमंडळाने मंजूर केला, तेव्हाचे गव्हर्नर चार्ली बेकर यांनी दुरुस्ती सुचवून परत पाठवला आणि तो तिथेच राहिला. मग २०२४. पक्षीय भांडण फार नव्हतं. सिनेटमध्ये जो कमरफर्ड डेमोक्रॅट, हाउसमध्ये डेनिस गार्लिक डेमोक्रॅट आणि हॅना केन रिपब्लिकन, असे मिळून लावून धरत होते.

मधल्या काळात, २०२१ च्या शेवटी, साथीनंतरच्या फेडरल पैशातून स्थानिक आरोग्यासाठी सुमारे २० कोटी डॉलर बाजूला काढले. आज टाऊनांच्या गटांकडे ज्या सामायिक नर्सेस आणि इन्स्पेक्टर दिसतात, त्यात या पैशाचा वाटा मोठा. पण तो फेडरल पैसा २०२६ च्या अखेरपर्यंत खर्च करायचा आहे. म्हणजे कायदा आला तोच पैशाची मुदत सरत आली. काकांची शंका इथे रास्त आहे.

---

मागचं_बाक

मी वेगळीच काडी टाकतो.

तुम्ही सगळे टाऊन विरुद्ध टाऊन बोलताय. बॉस्टनकडे देशातल्या उत्तम खात्यांपैकी एक आहे. तिथल्याच पब्लिक हेल्थ कमिशनचा २०२३ चा अहवाल: बॅक बे मधल्या एका भागातलं आयुर्मान सुमारे ९२ वर्षं, रॉक्सबरीतल्या एका भागात ६९. तेवीस वर्षांचा फरक, आणि अंतर दोन-तीन मैल. बोर्ड एकच, नर्सेस त्याच, कायदा तोच. मग दर्जा सारखा केल्याने काय साधतंय? त्या दोन भागांत घरं कोणाला मिळाली, कर्ज कोणाला नाकारलं, नोकऱ्या कोणाला मिळाल्या, हा फरक आहे. तो इन्स्पेक्टरच्या थर्मामीटरने मोजता येत नाही.

'विषमता दूर करणं' असं विधेयकाच्या नावात घातलं की लोकांना वाटतं काम झालं.

---

पांढरी_चप्पल

मागचं_बाक, आकडा बरोबर आहे, पण एक विचारते. हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला? बॉस्टनकडे तो मोजणारी माणसं आहेत म्हणून. होलिओक, फॉल रिव्हर, किंवा ओढ्याकाठींचं टाऊन, तिथे एका गल्लीचं आयुर्मान दुसऱ्या गल्लीपेक्षा किती कमी, हे त्यांचं बोर्ड सांगू शकेल का? पाव एजंट ते करणार? कायद्यातला माहितीचा भाग लोकांना रुक्ष वाटतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आज काही बोर्डांकडे तपासण्यांच्या नोंदी फायलींच्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली रिटायर झालेल्या माणसाकडे. जे मोजलंच नाही त्यावर भांडायला कोण येणार?

बाकी घरं, कर्ज, नोकऱ्या, मान्य. तो या कायद्याचा घास नाही.

---

एसटीचा_शेवटचा_थांबा

धागा अमेरिकेचा आहे, तरी थोडं अवांतर करते. मी महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते, आता निवृत्त.

आमच्याकडे उलट चित्र. दर्जा कधीचा ठरलेला आहे. सपाटीवर ३०,००० लोकसंख्येला एक केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० ला. २००७ पासून भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं आहेत, २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली. किती नर्स, किती औषधं, लेबर रूममध्ये काय हवं, सगळं छापलेलं. माझ्या केंद्राच्या भिंतीवर मंजूर पदांचा तक्ता होता, त्यापुढे 'भरलेली' आणि 'रिक्त' असे दोन रकाने. रिक्तचा रकाना दर वर्षी खडूने नव्याने लिहायचे. भरलेल्याचा पुसायचे. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, तक्ता फार सुबक आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ साठी आरोग्याचे ७०,०५१ कोटी रुपये स्थानिक संस्थांमार्फत द्यायला सांगितले तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण निदान पैसा आणि जबाबदारी एका ठिकाणी जायची शक्यता दिसली. तो खाली येता येता किती हातांतून गेला, ती वेगळी कथा.

तेव्हा तुमच्या कायद्यात दर्जा लिहिलाय, याने मी हुरळून जाणार नाही. माझा प्रश्न साधा. पद रिक्त राहिलं तर कोणाला लेखी उत्तर द्यावं लागतं?

---

ओढ्याकाठी

शेवटचा थांबा, तुमच्या खडूच्या रकान्यावर काल रात्री बराच वेळ अडकलो होतो. प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे: आज आमच्याकडे कोणालाच द्यावं लागत नाही. एजंटच्या तासांची तरतूद कमी झाली तर टाऊन मीटिंगमध्ये हात वर होतात, ठराव पास, संपलं. राज्याला कळतही नाही. नव्या कायद्याने आमच्या कामाचा अहवाल वर जाणार, म्हणजे रिक्त रकाना निदान गावाबाहेरच्या कोणाला तरी दिसेल. मला सध्या एवढ्यावरच आशा आहे. काका हसतील, हसू देत.

काका, 'आमचं आम्ही बघू' याबद्दल. मीही तसंच म्हणायचो. पण त्या चार दिवसांत आम्ही काय बघितलं? गावाची स्वायत्तता म्हणजे त्या बाईसाठी मंगळवारपर्यंतची वाट. शेजारच्या फ्रँकलिन भागात टाऊनांनी प्रादेशिक कौन्सिलमार्फत नर्स आणि इन्स्पेक्टर एकत्र ठेवलेत, बरीच वर्षं झाली. त्यांच्या मेंबरांनी काही अधिकार गमावलेले मला दिसले नाहीत. आदेशावर सही त्यांचीच असते. फक्त फोन उचलला जातो.

आमच्या बोर्डाने हाच प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी मांडला होता. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे माझ्या सेप्टिकमध्ये आता परगावचा माणूस डोकावणार?" सगळे हसले, आणि प्रस्ताव पडला. अकरा मतांनी.

मागचं_बाक, तुमचा मुद्दा मी खोडत नाही. आमच्याकडेही भाड्याची जुनी घरं सगळी ओढ्याच्या खालच्या अंगाला आहेत आणि तक्रारी तिथूनच येतात. वरच्या अंगाची माणसं आम्हाला सेप्टिकच्या परवानगीपुरती भेटतात, घर विकायचं असलं की. हे आम्ही कधी नकाशावर मांडलं नाही. मी या आठवड्यात गेल्या पाच वर्षांच्या तक्रारी एका शीटमध्ये भरायला घेतल्यात. कपाटाची किल्ली आमच्याकडे आहे, देवाची कृपा.

---

खडूस_काका

हसलो नाही. शीट झाली की मला पाठवा. फायनान्स कमिटीसमोर रडगाणं चालत नाही, नकाशा चालतो. आणि एजंटचे तास मागताना 'आरोग्य' शब्द वापरू नका, तक्रारीमागे किती तास गेले ते सांगा. उरलेल्या वेळात किती सेप्टिकच्या परवानग्या अडकल्या, तेही सांगा. वरच्या अंगाच्या लोकांना ते लगेच समजतं.

---

मुक्काम_पोस्ट

माझी पहिली शंका वाचून आता माझंच हसू येतंय. एक शेवटची. मी वूस्टरच्या पुढे एका टाऊनमध्ये राहतो, सिटिझन आहे. आमच्या बोर्ड ऑफ हेल्थचं पान उघडलं. तीन नावं, त्यातल्या एकापुढे 'व्हेकंट'. मेंबर व्हायला काय लागतं?

---

ओढ्याकाठी

आधी टाऊन क्लार्कला विचारा, तुमच्याकडे बोर्ड निवडून येतं की नेमलं जातं. निवडणूक असेल तर तिथूनच उमेदवारीचे कागद घ्या, गावातल्या मतदारांच्या थोड्या सह्या लागतात. नेमणूक असेल तर सिलेक्ट बोर्डला, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या मंडळाला, पत्र. आणि स्वेटर घेऊन जा, तळघरं थंड असतात.